रीसेटच्या छिद्रात टाचणी घालण्याआधी

ऑगस्टमधली २० तारीख, रात्रीचे पावणेदहा. टेबलावर तीन दुकानदारांच्या फायली, कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसतंच फिरत राहिलेलं चक्र आणि माझ्या हातात साडीची टाचणी. तिचं टोक मी राउटरच्या पाठीमागच्या बारीक छिद्रात घातलं आणि आतलं बटण दहा सेकंद दाबून धरलं. सगळे दिवे एकदम विझले, पुन्हा लागले. तोपर्यंत निदान घरातल्या बाकीच्यांचे मोबाईल वायफायवर चालत होते. त्यानंतर तेही बंद पडले.

मी सांगलीत घरून हिशेबाची कामं करते. किराणा, हार्डवेअर, शेतीची औषधं असा धंदा करणाऱ्या लहान दुकानदारांची जीएसटीची रिटर्नं माझ्याकडे असतात. दरमहा भरणाऱ्यांचं ३बी रिटर्न पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत जावं लागतं. ते चुकलं की कर असलेल्या रिटर्नला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. त्या रात्री एकाचं रिटर्न गेलं, दोघांचं राहिलं. एका दिवसाची रक्कम ती केवढीशी, मी माझ्या पैशातून भरली. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका दुकानदाराला फोन करून सांगावं लागलं. "वहिनी, आजवर आपलं कधी लेट झालं नव्हतं," एवढंच ते म्हणाले. ते वाक्य मला त्या दंडापेक्षा जास्त लागलं.

बिघाड राउटरमध्ये नव्हताच. रस्त्यावरच्या केबलमध्ये नव्हता, ऑपरेटरकडेही नव्हता. तो माझ्या सीपीयूच्या पाठीमागे, दोन बोटांच्या अंतरात होता. तो सापडायला मला महिना लागला, आणि तोही मी वहीत नोंदी ठेवायला लागले म्हणून सापडला. घरून काम करणाऱ्या कितीतरी बाया-माणसांचं पोट आता या एका जोडणीवर आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे. वायर पुढच्या दारातून आत येते, म्हणून राउटर हॉलमध्ये भिंतीवर बसवलेला. माझं टेबल आतल्या खोलीत, मध्ये विटांच्या दोन भिंती. कॉम्प्युटर जुना आहे, त्यात स्वतःचं वायफाय नाही. पाठीमागच्या यूएसबीत नखाएवढा डोंगल लावला होता, त्यावर दोन वर्षं काम सुरळीत चाललं. जुलैमध्ये मी एक बाहेरची हार्डडिस्क घेतली. २०१९ च्या महापुरात ओळखीच्या एका दुकानात वह्याही गेल्या आणि कॉम्प्युटरही गेला. तेव्हापासून बॅकअपच्या बाबतीत मी फार काटेकोर झाले आहे. पेन ड्राइव्ह पुरेना, म्हणून हार्डडिस्क. तिची वायर निळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावली की काम झटपट होतं, असं दुकानदाराने सांगितलं. निळं पोर्ट डोंगलच्या अगदी शेजारी होतं.

तेव्हापासून नेट जायला लागलं. तेही नेमकं कामाच्या वेळी. दिवसभर व्यवस्थित, आणि रिटर्न भरायला बसलं की पान अर्धवट येऊन थांबायचं. ओटीपी मोबाईलवर यायचा, पण तो टाकायची चौकट उघडेपर्यंत त्याची वेळ संपायची. मुदतीच्या संध्याकाळी सगळेच भरत असतील, गर्दी असेल, असं मी गृहीत धरलं. त्याच आठवड्यात बिनवायरचा माऊससुद्धा अडखळायला लागला होता. मी त्याचा सेल बदलला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या हे मला दिसत होतं, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

त्या रात्री मी काय काय केलं ते क्रमाने सांगते. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायफायचं नाव पुसून पासवर्ड पुन्हा टाकला. विंडोजमधलं नेटवर्क रीसेट केलं. डोंगलचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. एकामागून एक, एवढं सगळं वीस मिनिटांत. मध्येच पाच मिनिटं नेट आलं, पण कशाने आलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण चार गोष्टी मी एकदम हलवल्या होत्या. ही माझी पहिली मोठी चूक. एक गोष्ट बदलायची, दहा मिनिटं बघायचं, फरक नाही पडला तर ती होती तशी करायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. घाईच्या वेळी हे जमत नाही, मला कळतं. पण घाईच्या वेळीच त्याची गरज असते.

दुसरी चूक याहून मोठी होती. मी मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त गॅलरीत नीट येते, म्हणून फोन तिथे ठेवला आणि कॉम्प्युटर त्याला जोडला. तेही तसंच अडखळलं. मी म्हटलं, आज सगळ्यांचंच नेट खराब आहे. खरं तर त्या क्षणी उत्तर माझ्या समोर होतं. राउटर वेगळा, कंपनी वेगळी, वाट वेगळी आणि तरी त्रास तोच. दोन्हींत समान गोष्ट एकच, माझा कॉम्प्युटर आणि त्याला लावलेला डोंगल. शिवाय घरातल्यांचे मोबाईल त्याच राउटरवर व्यवस्थित चालत होते. एवढं हातात असताना मी टाचणी घेऊन राउटरकडे गेले.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच विचारा: नेट सगळ्यांचं गेलंय की एकाच यंत्राचं? हे तपासताना मोबाईलचा डेटा आधी बंद करा. नाहीतर वायफाय बंद असलं तरी मोबाईल स्वतःच्या डेटावर गुपचूप चालत राहतो आणि आपण समजतो, राउटर ठीक आहे. सगळ्यांचंच गेलं असेल तर राउटरचे दिवे बघा. फायबरच्या डबीवर पॉन नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर हवा. एलओएस नावाच्या दिव्याला लाल रंग आला असेल तर फायबरमधून येणारा प्रकाशच तुमच्या घरापर्यंत पोचत नाही. वायर कुठेतरी तुटली आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा कपाटामागे काटकोनात मुडपली आहे. आतली काच केसासारखी बारीक असते, तिला घडी चालत नाही. वायर मुडपलेली दिसली तर हलक्या हाताने सरळ करा आणि थांबा. टोक काढून डोळ्यासमोर धरून बघू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. लाल दिवा असताना पासवर्ड बदलून, कॉम्प्युटर रीसेट करून काहीही होणार नाही. फोन करा आणि "एलओएस लाल आहे" असं सांगा. या तीन शब्दांनी पलीकडच्या माणसाचे दहा प्रश्न वाचतात.

आता रीस्टार्ट आणि रीसेट यांतला फरक. राउटर बटणावरून बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं म्हणजे रीस्टार्ट. त्याने काही बिघडत नाही आणि पुष्कळदा कामही होतं. टाचणीने छिद्रातलं बटण दाबून धरणं म्हणजे रीसेट. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. तुमचं वायफायचं नाव आणि पासवर्ड जातोच, पण खूप कनेक्शनांत ऑपरेटरने त्याच्या पोटात आणखी एक युजरनेम आणि पासवर्ड घालून ठेवलेला असतो. राउटर त्याच्या जोरावर कंपनीच्या यंत्रणेत शिरतो. तो पुसला गेला की प्रकाश आहे, दिवे हिरवे आहेत, पण नेट नाही. काही कंपन्यांचे राउटर हे सगळं आपोआप परत उतरवून घेतात. आमचा तसा नव्हता. कनेक्शन घेतलं तेव्हा ऑपरेटरच्या मुलाने ते युजरनेम आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. ती चिठ्ठी कुठे गेली ते आजही मला माहीत नाही. ऑपरेटरचं ऑफिस नऊला बंद होतं.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑफिसचा फोन लागेना म्हणून मी गॅलरीत उभी राहून मोबाईलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधला. पहिला जो दिसला त्यावर फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय आदराने बोलला. म्हणाला, मॅडम, मी एक ॲप पाठवतो, ते उघडा, त्यावरचा आकडा मला सांगा आणि तक्रार नोंदवायला १० रुपये भरा, पाच मिनिटांत नेट सुरू. माझं बोट त्याने पाठवलेल्या लिंकवर होतं. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, आपला केबलवाला तर मराठी बोलतो, हा कोण?" मी फोन ठेवला. त्या ॲपमुळे माझ्या मोबाईलचा पडदा त्याला घरबसल्या दिसला असता, त्यात बँकेचे ओटीपी आले असते आणि दुकानदारांच्या रिटर्नचेही. अशा ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. नेट बंद असताना माणूस हवालदिल असतो आणि हे लोक नेमकी तीच वेळ साधतात. ग्राहक सेवेचा नंबर फक्त बिलावरून किंवा राउटरवरच्या चिकटपट्टीवरून घ्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ऑपरेटरचा मुलगा आला. राउटर पाच मिनिटांत पूर्ववत केला, स्वतःचा लॅपटॉप माझ्याच टेबलावर ठेवून वेग दाखवला. मग माझा कॉम्प्युटर लावला, तोही उत्तम चालला. "ताई, लाईनला काहीच नाही," म्हणून तो गेला. त्याचं बरोबर होतं. त्या सकाळी हार्डडिस्क मी कपाटात ठेवली होती.

सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच सुरू झालं, तेव्हा मी शाळेची जुनी वही काढली आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायला लागले. किती वाजता गेलं, राउटरचे दिवे कसे होते, दुसऱ्या कुणाचं गेलं का आणि त्या वेळी कॉम्प्युटरवर काय चालू होतं. नऊ नोंदी झाल्या. चौथ्या रकान्यात नऊच्या नऊ वेळा एकच शब्द होता: बॅकअप. महत्त्वाचं काम करण्याआधी बॅकअप सुरू करायची माझी सवय. म्हणून नेट "नेमकं कामाच्या वेळी" जात होतं.

मग खात्री करून घेतली. विंडोजच्या शोधचौकटीत इंग्रजीत सीएमडी टाकलं की काळी खिडकी उघडते. तिथे आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहिला की तुमच्या कॉम्प्युटरचा आणि राउटरचा पत्ता दिसतो. डिफॉल्ट गेटवे म्हणजे राउटर, आमच्याकडे १९२.१६८.१.१. पिंग लिहून पुढे तो पत्ता दिला की कॉम्प्युटर राउटरला हाक मारतो आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते सांगतो. हार्डडिस्क काढलेली असताना दोन-तीन मिलिसेकंद. हार्डडिस्क लावून बॅकअप सुरू केला की तीनशे, पाचशे, मग उत्तरच नाही. वायर काढली की पुन्हा दोन-तीन. असं तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. वायफायच्या चिन्हातल्या सगळ्या रेषा मात्र या पूर्ण काळात भरलेल्या होत्या. त्या रेषा राउटरचा आवाज किती मोठा येतो ते सांगतात. शेजारी किती गोंगाट आहे ते सांगत नाहीत.

हा गोंगाट कसला, ते नंतर वाचून कळलं. निळं पोर्ट यूएसबी ३ चं असतं. त्यातून सेकंदाला पाच गिगाबिट या वेगाने माहिती धावते आणि धावताना रेडिओलहरींचा पसारा बाहेर गळतो. तो पसारा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पडतो. माझा साधा डोंगल त्याच पट्ट्यावर ऐकत होता आणि बिनवायरचा माऊससुद्धा. इंटेलने या त्रासावर २०१२ मध्येच तपशीलवार टिपण प्रसिद्ध केलं होतं. उपायही त्यातलाच: वायरलेसचं यंत्र त्या पोर्टपासून लांब न्या. मी दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, डोंगल टेबलावर उघड्यावर आणून ठेवला. बॅकअप चालू असतानाही पिंग पाचच्या वर गेला नाही. माऊसही सुधारला.

तुमच्या घरी कारण वेगळं असेल. पण शोधायची रीत हीच ठेवा आणि पिंगच्या पायऱ्या पाठ करा. कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. तो जोडल्यासारखा दिसतो एवढंच. अशा वेळी वायफाय तोडून पुन्हा जोडा, मग राउटर रीस्टार्ट करा. राउटर उत्तर देतो पण घराबाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केलं की उत्तर येत नाही, तर अडचण राउटरच्या पलीकडे आहे, ऑपरेटरला फोन करा. ८.८.८.८ उत्तर देतो पण साईट नावाने उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकलं की बहुतेक वेळा सुटतं. एवढ्या तीन-चार हाकांनी बिघाड कोणत्या खोलीत आहे ते कळतं. कॉल सेंटरवर अर्धा तास घालवण्यापेक्षा ही पाच मिनिटं जास्त कामाची.

पिंग सगळं ठीक सांगतो आणि तरी प्रत्येक साईट "जोडणी सुरक्षित नाही" म्हणते, असा प्रकार मी एका दुकानात पाहिला. दुकानदाराने राउटर बदलायला काढला होता. मी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघितली, ती कित्येक वर्षं मागची होती. दुकान बंद करताना ते रोज मेन स्विच पाडायचे आणि मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपला होता, त्यामुळे कॉम्प्युटरला सकाळी तारीखच आठवत नव्हती. साईटचं प्रमाणपत्र आजच्या तारखेशी जुळवून बघितलं जातं, तारीख चुकली की दार बंद. एका बटणसेलने काम झालं.

लॅपटॉप थोडा वेळ नुसता ठेवला की नेट जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करायची परवानगी काढून टाका. एकाच खोलीत नेट येत नसेल तर राउटर आणि त्या खोलीमध्ये लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज किंवा पाण्याची टाकी येते का बघा. धातू लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. मायक्रोवेव्हही जवळपास २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून जेवण गरम करताना नेट गेलं तर नवल नाही. अपार्टमेंटमध्ये शेजारच्या दहा राउटरांची गर्दी असते. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं १, ६ आणि ११ अशी तीनच धरली जातात. राउटर आणि यंत्र दोन्ही ५ गिगाहर्ट्झ चालवत असतील तर जवळच्या खोलीत तेच वापरा. त्याला भिंती कमी झेपतात, पण गर्दी कमी असते.

आणि मुदतीचं काम असेल तर वायफायवर अवलंबूनच राहू नका, हे माझं ठाम मत आहे. मोबाईलला रेंज येते तिथे कॉम्प्युटर नेऊन, मोबाईल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडून, यूएसबी टेदरिंग सुरू केलं असतं तर त्या रात्री माझी तिन्ही रिटर्नं गेली असती. त्या जोडणीत वायफायचा काही संबंधच नसतो. आता मी राउटरपासून टेबलापर्यंत लॅनची वायर ओढून घेतली आहे, दाराच्या चौकटीवरून, पट्टीत घालून. डोंगल ड्रॉवरमध्ये आहे. रिटर्नं १८ तारखेला संपवते.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर ऑपरेटरने राउटरमध्ये घातलेला युजरनेम आणि पासवर्ड, आमचा ग्राहक क्रमांक, बिलावरचा तक्रारीचा नंबर आणि राउटरचा पत्ता लिहिला आहे. सेटिंगच्या पानांचे फोटो आमच्या ह्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही मोबाईलमध्ये आहेत. युजरनेम आणि पासवर्ड ऑपरेटरकडे मागितले तर ते देतात, फक्त ऑफिस उघडं असताना मागावे लागतात. तुमच्या घरातली ती चिठ्ठी कुठे आहे, ते आज रात्री जेवायला बसण्याआधी बघून ठेवा.